हेडमास्तरीणबाईंनी गाडी काढली

हेडमास्तरांनी शाळेतल्या सगळ्या छड्या गोळा करून माळ्याच्या स्वाधीन केल्या आणि त्यांच्या आधाराने टोमॅटोची रोपं उभी राहिली, ही गोष्ट गावात ज्याला माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पालकसभेत ती दरवर्षी सांगितली जायची. "ज्या हाताने मूल घडवायचं, तो हात मुलावर उगारायचा नसतो," असं हेडमास्तर म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसलेली असायची. तीही टाळ्या वाजवायची. कधीकधी फक्त एक हात जरा जपून उचलायची.

गाव तिला हेडमास्तरीणबाई म्हणायचं. लग्नाआधी ती चपलांच्या दुकानात विक्रीला होती आणि गिऱ्हाइकाला हसवत हसवत एकाच्या जागी दोन जोड गळ्यात मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा घरी पाहुणे आले तेव्हा तिने नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. हेडमास्तरही हसले. पाहुणे गेल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, रुमालाने काच पुसली, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि तिला मारलं. तोंडावर नाही. तोंडावर ते कधीच मारायचे नाहीत. तोंड लोकांना दिसतं.

पुढे पुढे घड्याळाच्या पट्ट्याला हात गेला की ती डोळे मिटून घ्यायला लागली. हेडमास्तर आवाज चढवायचे नाहीत. शाळेत बोलायचे त्याच मऊ आवाजात विचारायचे, "बघ, मला काय करायला लावतेस." पलीकडच्या खोलीत सासूबाई रेडिओ मोठा करायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि वर पार्श्वसंगीत. तिला नवऱ्याची भीती वाटायची, पण राग यायचा तो त्या रेडिओचा. सासू-सुनेचं बोलणं मीठ, साखर आणि कपडे वाळले का, एवढ्यावरच आटोपायचं.

त्यांना एक लेक होती. शिकायला म्हणून दूरच्या शहरात गेली ती तिकडेच नोकरीला लागली आणि घरी यायचं तिने सोडलं. फोनवर एकच विचारायची, "आई, तू निघतेस का?" आणि ही म्हणायची, "अगं, बरं चाललंय माझं." दोघींनाही ते खोटं आहे हे ठाऊक असायचं. हळूहळू फोनही विरळ झाले.

असंच चालत राहिलं असतं. पण हेडमास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. डॉक्टरांनी एकेक डोळा करायचा ठरवला आणि तोवर गाडी चालवायला सक्त मनाई केली. हेडमास्तरांना तर आज या गावात भाषण, उद्या त्या गावात बक्षीस समारंभ. ड्रायव्हर ठेवावा तर परका माणूस घराच्या दारात तासन्‌तास बसणार, त्याचे कान काही बंद करता येणार नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि जेवताना, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलं, "तू गाडी शीक."

तिने तोंडातला घास पाण्याबरोबर उतरवला आणि म्हणाली, "बरं."

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे पेट्रोल पंपामागची एक खोली आणि पोपटी रंगाची एक जुनी गाडी. शिकवणारी बाई पूर्वी बस चालवायची. तिचे दंड पैलवानासारखे होते आणि सगळे तिला उस्ताद म्हणायचे. पहिल्या दिवशी हेडमास्तरीणबाईंच्या हाताखाली ती पोपटी गाडी बेडकासारख्या उड्या मारत अंगणातून निघाली आणि फाटकातच बंद पडली.

"ताई, क्लच म्हणजे पायाखाली आलेलं झुरळ नाही," उस्ताद म्हणाली. "एकदम सोडू नका, एकदम दाबू नका. त्याला कळू द्या की तुम्ही आहात."

पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. घाम फुटला. पण चौथ्या की पाचव्या दिवशी, गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर, गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी अलगद गेली की तिलाच कळलं नाही. खिडकीतून वारा आला. केस तोंडावर आले. आणि तिला हसू फुटलं, साधंसुधं नाही, दुकानात असताना यायचं तसं, खांदे हलवणारं. उस्तादही हसायला लागली. "हसा ताई, पण समोर बघून हसा."

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. गाडी चालू असताना उस्तादने मधला आरसा नीट करायला हात वर केला आणि हेडमास्तरीणबाईंनी डोळे गच्च मिटले. स्टेअरिंग हातात, पाय ॲक्सिलरेटरवर, आणि डोळे बंद. उस्तादच्या पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक होता म्हणून निभावलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"कोण?" उस्तादने विचारलं.

"कुणी नाही."

"बरं. मी पंपामागेच राहते. बेल वाजवायची, कारण सांगायचं नाही." उस्तादने खिडकीची काच खाली केली. "आणि एक ध्यानात ठेवा. गाडी चालवताना शेजारी कुणीही हात उचलू दे, डोळे रस्त्यावर. डोळे मिटले की गाडी तुमची राहत नाही."

त्यानंतर उस्ताद रोज मध्येच मुद्दाम हात उचलायची. कधी आरशाकडे, कधी डोकं खाजवायला, कधी काही कारण नसताना. पहिल्यांदा हेडमास्तरीणबाईंच्या पापण्या फडफडायच्या. मग फक्त खांदे आखडायचे. मग एक दिवस उस्तादने हात उचलला तेव्हा ही म्हणाली, "उस्ताद, हात खाली घ्या, डावीकडचं दिसत नाही." उस्तादने त्या दिवशी तिला चहा पाजला.

परीक्षेच्या दिवशी तिने दोन खांबांच्या मधे गाडी उलटी घातली ती एका दमात. लायसन्सवरच्या फोटोत तिचं तोंड किंचित उघडं आहे, कारण फोटोवाल्याने बटण दाबलं तेव्हा ती त्याला काहीतरी सांगत होती.

आणि मग सुरू झाले ते महिने, ज्यांचं तिला आजही नवल वाटतं. हेडमास्तर काळा चष्मा लावून शेजारी बसायचे, हळू, थांब, आता वळ, असं सांगत राहायचे. ती ऐकायची. पण एकदा ते सभागृहात शिरले की पुढचे दोन तास गाडी तिची. आधी ती गाडीतच बसून राहायची. मग सभागृहाला एक चक्कर मारून यायला लागली. मग गावाला. मग गावाबाहेरच्या पुलापर्यंत, पुलापलीकडच्या वळणापर्यंत, आणि वळणापलीकडे काय आहे ते बघायला त्याच्याही पुढे. चौथा गियर तिने पहिल्यांदा टाकला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आत सभागृहात तिचा नवरा मुलांवर हात न उगारण्याबद्दल बोलत असायचा आणि ती बाहेर ताशी ऐंशीने सुसाट निघालेली असायची. परत येऊन गाडी जिथे होती तिथेच, तशीच तिरकी लावायची आणि चेहरा कंटाळलेला करून बसायची.

दुसरा डोळाही बरा झाला. हेडमास्तरांना पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. त्या रविवारी शाळा समितीचे अध्यक्ष सपत्नीक चहाला आले होते. बोलता बोलता अध्यक्ष म्हणाले, "सर, खरं सांगू? बाई तुमच्यापेक्षा झकास चालवतात. परवा त्या अरुंद गल्लीत गाडी वळवली, मी बघतच राहिलो."

सगळे हसले. हेडमास्तरही हसले.

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून हेडमास्तर परत आले. "चावी," ते म्हणाले. तिने दिली. ती त्यांनी खिशात टाकली. "उद्या दहा वाजता एकजण गाडी बघायला येतोय. विकून टाकू. मला आता सगळं दिसतं." आणि त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला.

त्या संध्याकाळी रेडिओ लागला नाही. सासूबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुरे आता." हेडमास्तरांनी मान वळवून आईकडे बघितलं, अगदी शांतपणे तिचं मनगट धरलं, पिरगळलं आणि तिला ढकलून दिलं. म्हातारी कपाटावर आदळली. तिने तोंडातून आवाज काढला नाही. सुनेने मात्र तिच्याकडे पाहिलं आणि तिला एक गोष्ट लख्ख समजली. सासूबाईंना हे नवीन नव्हतं. अंग चोरून, हनुवटी छातीला लावून पडायची ती पद्धत वर्षानुवर्षांच्या सवयीची होती.

सकाळी हेडमास्तर नेहमीप्रमाणे पायी शाळेत गेले. शाळा हाकेच्या अंतरावर. फाटकात उभं राहून ते प्रत्येक मुलाशी हात मिळवायचे, त्याचे फोटोही छापून आले होते. ती ओट्याशी चहा गाळत होती. सासूबाई आल्या आणि कपाशेजारी त्यांनी काहीतरी ठेवलं. गाडीची दुसरी चावी.

"तांदळाच्या डब्यात होती," त्या म्हणाल्या. "गाडी आली तेव्हापासून. त्यालाही विसर पडलाय."

तिने गाळणी खाली ठेवली.

"माणूस दहाला यायचाय," सासूबाई म्हणाल्या. "लेकीकडचा रस्ता माहीत आहे ना तुला? माझी पिशवी भरलेली आहे. मला पण घेऊन चल."

"तुम्हाला?" तिच्या तोंडून निघालं. "तुम्हाला का नेऊ? इतकी वर्षं तुम्ही रेडिओ लावलात."

सासूबाईंनी डावा कान पुढे केला. उजव्या कानाने त्यांना ऐकू यायचं नाही. "काय म्हणालीस?"

"रेडिओ," ती मोठ्याने म्हणाली.

"लावला. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून नाही लावला. मला ऐकू येऊ नये म्हणून लावला. हा उजवा कान याच्या बापाने घालवला. डाव्याने तुझं ऐकायला यायचं, ते माझ्याने सहन होत नव्हतं." त्या थांबल्या. "चुकलंच माझं. आता नेणार असशील तर ने, नाहीतर मी इथेच बसते. पण तू नीघ."

तिने गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. चार कपडे, लायसन्स, कपाटातले लेकीचे फोटो, सगळं एका पिशवीत कोंबलं. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. चावी खाचेत घातली. शाळेची घंटा वाजेपर्यंत ती थांबली, कारण घंटा झाली की हेडमास्तर आत जायचे आणि गावाबाहेर पडायचा रस्ता शाळेवरूनच होता. घंटा झाली. तिने गाडी काढली.

पण नशीब म्हणावं की काय, त्या दिवशी हेडमास्तर आत गेलेच नव्हते. पाच-सहा पालक त्यांना गराडा घालून फाटकातच उभे होते. रस्त्याला तिथे चढ. अर्ध्या चढावर पोहोचते न पोहोचते तोच उशीर झालेली मुलं रस्ता ओलांडायला लागली आणि तिला ब्रेक दाबावाच लागला. गाडी तिथेच, हेडमास्तरांच्या पुढ्यात उभी.

त्यांनी पाहिलं. पालकांना हसून "एक मिनिट" म्हणाले आणि खिडकीशी आले.

"सकाळी सकाळी कुठे स्वारी?" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग खिडकीत वाकून, त्या मऊ आवाजात, "चावी कुठून आली? वळव गाडी. घरी जा. मी आलोच."

मुलं ओलांडून गेली होती. रस्ता मोकळा होता. तिने घाईने क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. जराशी मागे घसरली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. हेडमास्तर हसले. त्यांचा एक हात खिडकीच्या चौकटीवर होता. दुसऱ्या हाताचा अंगठा घड्याळाच्या पट्ट्याशी गेला.

तिचे डोळे मिटू लागले. पापण्या अर्ध्यावर आल्या. आणि तिने त्या वर उचलल्या, जड शटर उचलावं तशा, आणि समोर बघितलं.

तेवढ्यात सासूबाई मागून कुजबुजल्या. आता ज्याला एकाच कानाने ऐकू येतं, आणि तेही अर्धंमुर्धं, त्याची कुजबूज किती मोठी असते हे ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच ठाऊक. सासूबाई आपल्या परीने अगदी हळू म्हणाल्या, "घाबरू नको, सूनबाई. इथे लोक बघताहेत. इथे हा मारत नाही. घरीच मारतो. काल मला ढकललंन्‌ तसं इथे नाही ढकलायचा. तू घे गाडी."

फाटकातल्या एका आईच्या हातातली पाण्याची बाटली तशीच हवेत राहिली. माळी नळ चालू ठेवून बघत उभा राहिला.

"आईचं वय झालंय," हेडमास्तर पालकांकडे वळून म्हणाले, आणि वळताना त्यांचा हात चौकटीवरून सुटला.

हँडब्रेक. चावी. पहिला गियर. क्लच हळू, हळू, गाडी किंचित थरथरेपर्यंत. हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. पुढे गेली. चढ संपला, दुसरा पडला, तिसरा पडला. आरशात हेडमास्तर लहान होत गेले, आणि त्यांच्याभोवतीचे पालक, तिला दिसलं, दोन पावलं मागे सरकले होते.

तिने पहिला श्वास घेतला तो पुलापलीकडे. सासूबाई विचारत होत्या, "आलो का बाहेर?"

"आलो."

"मग खिडकी उघड."

हमरस्त्यावर गाडी आणायची तिची ती पहिलीच वेळ. बाजूने ट्रक धाडधाड जात होते. तिच्या छातीत ढोल वाजत होता, पण तो ढोल भीतीचा होता की आनंदाचा हे तिला आजही सांगता येणार नाही. दोघी बोलत होत्या, नाही, ओरडत होत्या, वाऱ्यामुळे आणि त्या कानामुळे. सासूबाईंनी सांगितलं की त्याच्या बापाचीही गावात मोठी इज्जत होती. सुनेने सांगितलं की भाषण चालू असताना आपण ऐंशीने गाडी पळवायचो. सासूबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं आणि दोन्ही वेळा मांडीवर थाप मारून हसल्या. एका ट्रकच्या मागे बराच वेळ अडकल्यावर त्या म्हणाल्या, "याला ओलांडता येत नाही का?" हिने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, आणि ओलांडला. सासूबाईंनी ट्रक ड्रायव्हरला हात केला.

दुपारी लेकीच्या दारात पोहोचल्या तेव्हा लेकीने आधी आईला मिठी मारली, इतकी घट्ट की आईला कळ आली. मग तिला मागे उभी असलेली आजी दिसली आणि तिचा चेहरा बदलला.

"हिला का आणलंस?"

"मी आले म्हणून ती निघू शकली," असं सासूबाई म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मी जिन्यात बसते. तुमचं ठरू दे."

खरंच जिन्यात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने लेकीने पाण्याचा पेला भरून जिन्यात नेऊन ठेवला, आणि संध्याकाळी बाहेर गारठा पडल्यावर, आजीकडे न बघता, दार उघडं ठेवलं.

त्यानंतरचं सगळं काही गोड झालं नाही. पोलिसांत तक्रार द्यायला गेल्यावर तिथला अधिकारी म्हणाला, "छडी बंद करणारे हेडमास्तर, तेच का?" आणि त्याच्या डोळ्यांत तिला शंका दिसली. गावातून निरोप आले, झाली असेल एखादी चूक, झाकली मूठ राहू द्यावी. अध्यक्षांच्या बायकोने तर फोनच ठेवून दिला. दुसरीकडे ती पाण्याची बाटली धरलेली आई आपणहून जबाब द्यायला पुढे आली, आणि माळीही. गाडी चोरली असं म्हणायला नवऱ्याला जागा नको म्हणून उस्ताद येऊन ती गाडी घेऊन गेली आणि हेडमास्तरांच्या फाटकासमोर अशी लावली की म्हणे फाटक उघडायला त्यांना शेजाऱ्याची मदत घ्यावी लागली. शाळेने त्यांना दीर्घ रजेवर पाठवलं. रजेचं कारण मात्र प्रकृती असं लिहिलं.

ती त्या शहरात एका बेकरीची व्हॅन चालवायला लागली. पहाटे गरम पावांचा वास भरलेली गाडी घेऊन दुकानादुकानांत फिरायचं. पहिल्याच महिन्यात दुकानदार तिची वाट बघायला लागले, कारण ही पाव उतरवता उतरवता त्यांना हसवायची आणि एकाच्या जागी दोन ट्रे गळ्यात मारायची. बेकरीवाला म्हणाला, "तुम्ही ड्रायव्हर आहात की सेल्समन?" ती म्हणाली, "ते गिऱ्हाइकावर आहे."

सुनावणीला सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या. हेडमास्तर समोर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, चेहऱ्यावर तेच हसू. त्यांच्या वकिलाने विचारलं, "आजी, पोटच्या मुलाविरुद्ध बोलताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," सासूबाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. "म्हणून तर इतका उशीर झाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मुलाचं आणि त्याच्या बापाचं, कपाटाचं आणि मनगटाचं. हेडमास्तरांनी एकदाही वर बघितलं नाही. न्यायाधीशांनी त्या दिवशी त्यांना दोघींच्या जवळ फिरकायला मनाई केली. खटला अजून उभा आहे.

बाहेर पडताना सासूबाई एकेक पायरी चाचपत उतरत होत्या. कोर्टाच्या पायऱ्या उंच आणि कठडा मोडलेला. सून व्हॅन आणायला पुढे गेली होती. लेक दोन पायऱ्या खाली उतरली, थांबली, परत वर आली आणि तिने म्हातारीचा कोपर धरला.

"जपून. पायऱ्या उंच आहेत, आजी."

सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"ऐकू नाही आलं का?" लेकीने विचारलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा म्हण."